पहिला ड्रॅगन टेबलावर आणण्याआधी: नव्या डीएमचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा रोल-प्लेइंग खेळ १९७४ साली आला. डीएम (डंजन मास्टर) म्हणजे त्यात गोष्ट सांगणारा आणि ड्रॅगन चालवणारा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. खेळाच्या नावातच ड्रॅगन आहे, तरी कित्येक टेबलांवर तो एक तर लढाईच्या तिसऱ्या राउंडात (राउंड म्हणजे प्रत्येकाचा एकेक टर्न) मरतो, नाहीतर दुसऱ्या राउंडात सगळ्यांना मारतो. दोन्ही प्रकार टाळता येतात. खालचे सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत ड्रॅगनांचे स्टॅट ब्लॉक (ताकदीचे आणि हल्ल्यांचे आकडे) बदलले आहेत, त्यामुळे दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर मिसळू नका.

सुरुवातीला काय काय लागतं? पुस्तकं विकत घ्यावीच लागतात का?

नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम एसआरडी ५.१ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. पाच क्रोमॅटिक (रंगांचे) आणि पाच मेटॅलिक (धातूंच्या रंगांचे) ड्रॅगनांचे सगळ्या वयांचे स्टॅट ब्लॉक त्यात मिळतात. पहिल्या मोहिमेला एवढं पुरून उरतं.

बाकी सामान म्हणजे सात फाशांचा एक संच (डी-४ म्हणजे चार बाजूंचा फासा, तसेच डी-६, डी-८, डी-१०, शेकड्याचा डी-१०, डी-१२ आणि डी-२०), वर जादा सहा-सात डी-६, कारण ड्रॅगनचा ब्रेथ (तोंडातून सोडलेली आग, विष वगैरे) एक-एक फासा टाकत मोजला की धाक निघून जातो. चौकटींचा कागद लागेल. मिनिएचर नसतील तर बाटल्यांची झाकणं घ्या, त्यांवर मार्करने आद्याक्षरं लिहा. फक्त ड्रॅगनचा आकार खरा ठेवा. पिल्लू एका चौकटीत मावतं, तरुण ड्रॅगन २×२ चौकटी व्यापतो, प्रौढ ३×३ आणि प्राचीन ४×४. पुठ्ठ्याचा ३×३ तुकडा नकाशावर ठेवला की खेळाडू आपोआप गप्प होतात.

कुठल्या लेव्हलला कुठला ड्रॅगन?

आधी वय बघा, रंग नंतर. नियमांत चार टप्पे आहेत: पिल्लू म्हणजे वर्मलिंग (५ वर्षांपर्यंत), तरुण (६ ते १००), प्रौढ (१०१ ते ८००) आणि प्राचीन (८०१ च्या पुढे).

सगळ्यात मोठी चूक लेव्हल १ ला होते. 'पिल्लूच तर आहे' म्हणून हिरवं वर्मलिंग आणलं जातं. त्याचा ब्रेथ ६डी६ (सहा डी-६ ची बेरीज), सरासरी २१ डॅमेज. लेव्हल १ च्या विझर्डचे (जादूगाराचे) एचपी, म्हणजे जीव, साधारण ८. सेव्ह (डी-२० टाकून बचावाचा प्रयत्न) चुकला तर ८ एचपी जाऊन १३ डॅमेज उरतं. उरलेलं डॅमेज कमाल एचपीइतकं किंवा जास्त असेल तर कॅरेक्टर जागीच मरतं, डेथ सेव्हची (मरणातून वाचायच्या फाशाची) संधीही मिळत नाही. म्हणजे पहिल्या सेशनच्या पहिल्या लढाईत, पहिल्याच टर्नला, एक जण मोबाइल बघत बसणार.

तोच विझर्ड लेव्हल ३ ला सुमारे २० एचपीचा होतो. २१ लागले तर कोसळेल, पण मरणार नाही. म्हणून चार जणांच्या पार्टीसाठी (खेळाडूंच्या गटासाठी) वर्मलिंग लेव्हल ३ ला. तरुण हिरवा (सीआर म्हणजे अवघडपणाचा अंक ८, एसी म्हणजे वार लागायला बोनस धरून डी-२० वर लागणारा आकडा १८, एचपी १३६) लेव्हल ५ ला आणा. त्याचे ३,९०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लेव्हल ५ च्या चौघांसाठी 'हार्ड', म्हणजे अवघड पट्ट्यात बसतात. प्रौढ लाल (सीआर १७, एसी १९, एचपी २५६) लेव्हल १३ च्या आसपास. प्राचीन ड्रॅगनचा विचार पहिल्या वर्षी करूच नका.

हिशेबाप्रमाणे लढाई अवघड होती, तरी ड्रॅगन तीन राउंडांत मेला. काय चुकलं?

तो एकटा होता आणि जमिनीवर होता.

हिशेब मांडून बघा. हिरव्या वर्मलिंगचा एसी १७, एचपी ३८. लेव्हल ३ ला हल्ल्याचा बोनस साधारण +५, म्हणजे डी-२० वर १२ किंवा जास्त लागतात: ४५ टक्के शक्यता. एक फटका सरासरी ९ धरला तर चार हल्ल्यांचे राउंडाला सुमारे १६. तिसऱ्या राउंडात खेळ खलास. तुमच्याकडे मात्र राउंडाला एकच टर्न. चौघांसमोर एकटा पैलवान उभा केला की हेच होणार.

उपाय एचपी वाढवण्याचा नाही. एचपी दुप्पट केले की लढाई नुसती लांबते, कंटाळवाणी होते. तीन गोष्टी करा.

पहिली म्हणजे साथीदार द्या. वर्मलिंगचे ४५० एक्सपी आणि सहा कोबोल्डांचे (छोटे सरडेमानव) प्रत्येकी २५, एकूण ६००. सात शत्रू असले की अडचण मोजताना २.५ ने गुणायचं, म्हणजे १,५००. लेव्हल ३ च्या चौघांसाठी 'डेडली'ची रेषा १,६०० ला आहे, तुम्ही तिच्या जरा आत आहात. खेळाडूंना एक्सपी देताना मात्र मूळ ६०० च वाटायचे, हे बरेच जण विसरतात. कोबोल्डाला ५ च एचपी असतात. ते मरायलाच आहेत, पण प्रत्येक जण पार्टीचा एक हल्ला खातो.

दुसरी, त्याला उडवा. हिरवं वर्मलिंग जमिनीवर ३० फूट चालतं आणि हवेत ६० फूट जातं. त्याने उडत येऊन ब्रेथ सोडावा, झाडामागे जावं, ब्रेथ परत येईपर्यंत खाली उतरू नये. एक काळजी घ्या: शत्रूच्या टप्प्यातून उडून निघताना त्याच्यावरही अपॉर्च्युनिटी अटॅक (पाय काढता घेणाऱ्यावरचा फुकट वार) बसतो. ब्रेथ १५ फुटांचा आहे, तलवारीचा टप्पा ५ चा. १० फुटांवरून ब्रेथ सोडून निघालं तर कोणाचाच हात पोचत नाही.

तिसरी, जागा त्याची हवी. हिरवा ड्रॅगन पाण्यातही श्वास घेतो आणि पोहतो. घरट्यात डोह ठेवा. जखमी झाला की तो डोहात जाईल आणि चिलखत घातलेला फायटर काठावर उभा राहून शिव्या घालेल.

ब्रेथचा कोन नकाशावर मोजताना दरवेळी वाद होतो.

पुठ्ठा कापून ठेवा. कोनाची रुंदी टोकापासूनच्या अंतराइतकी असते: ५ फुटांवर ५ फूट, १५ फुटांवर १५ फूट. एक चौकट म्हणजे ५ फूट. चौकट अडीच सेंटिमीटरची असेल तर १५ फुटी कोनासाठी साडेसात सेंटिमीटर उंची आणि तेवढाच पाया असलेला समद्विभुज त्रिकोण. तरुण ड्रॅगनच्या ३० फुटी कोनासाठी दोन्ही मापं १५ सेंटिमीटर, प्रौढ लालच्या ६० फुटीसाठी ३०. टोक ड्रॅगनच्या चौकटीच्या कडेला टेकवा. ज्याची निम्मी किंवा जास्त चौकट पुठ्ठ्याखाली गेली तो सापडला, असं आधीच ठरवून टाका.

हा पुठ्ठा टेबलावर दिसेल असा ठेवला की खेळाडू स्वतःहून पांगायला शिकतात. गुहेच्या दारात चौघं दाटीने उभे असले तर एका ब्रेथमध्ये चौघं जातात. ड्रॅगनच्या चार बाजूंना चौघं असले तर बहुधा एकच सापडतो.

ब्रेथ वापरला की ड्रॅगनच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला एक डी-६ टाकायचा, ५ किंवा ६ आला तर ब्रेथ परत आला. हा फासा पडद्यामागे टाकू नका. भर टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाका. सलग तीन टर्न तो न येण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते, आणि त्या तीन टर्नांत टेबलावर जो ताण असतो तो कुठल्याही वर्णनाने येत नाही.

रंगावरून नेमकं काय ओळखायचं?

लाल आग, निळा वीज, हिरवा विष, काळा ॲसिड, पांढरा गारठा. मेटॅलिकमध्ये सोनेरी आणि ब्रास आग, चंदेरी गारठा, ब्राँझ वीज, तांब्याचा ॲसिड. मेटॅलिकांकडे दुसरा, जीव न घेणारा ब्रेथही असतो, उदाहरणार्थ ब्रासचा झोप आणणारा आणि चंदेरीचा जखडून टाकणारा.

याहून कामाची गोष्ट सेव्ह कुठला ही आहे. लाल, निळा आणि काळा यांच्या ब्रेथला डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह लागतो, हिरवा आणि पांढरा यांना कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा). डॉज ॲक्शन घेतली (टर्न फक्त वार चुकवण्यात घालवला) की डेक्स्टेरिटी सेव्हवर ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे डी-२० दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. म्हणजे लालसमोर डॉज घेणं शहाणपणाचं, आणि हिरव्याच्या धुरासमोर त्याचा काडीचा उपयोग नाही: श्वास तर घ्यावाच लागतो. पार्टीत ड्वॉर्फ (बुटक्या जमातीचा कोणी) असेल तर विषाचं डॅमेज त्याला निम्मंच लागतं, वर विषाविरुद्धच्या सेव्हला ॲडव्हांटेज. हिरव्यासमोर त्यालाच पुढे ठेवावं. हे खेळाडूंना आधी कळायची सोय करणं हे डीएमचं काम, आणि खरी क्वेस्ट (मोहीम) तिथेच सुरू होते.

क्वेस्ट लिहायला घ्यायची कुठून?

ड्रॅगनपासून, उलटी. 'राजाने बोलावलं, ड्रॅगन मारा म्हणाला, बक्षीस एवढं' इथून सुरुवात केली की खेळाडू वाटेतलं सगळं वगळून थेट गुहेकडे निघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आधी ठरवा की ड्रॅगन खातो काय, त्याला हवंय काय आणि गेल्या महिन्यात त्याने असं काय केलं ज्याची खूण मागे राहिली.

आपलं हिरवं वर्मलिंगच घेऊ. जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या वरच्या अंगाला ते राहतं. हिरवे ड्रॅगन कपटी. मारण्यापेक्षा माणूस फितवणं त्यांना आवडतं. मग असं करा: गावच्या मुखियाशी त्याचा गुपचूप करार आहे, दर पौर्णिमेला दोन बकऱ्या ओढ्याकाठी बांधायच्या. सरळ मराठीत सांगायचं तर हप्ता. गावाला वाटतं लांडगे नेतात. या पौर्णिमेला हप्ता चुकलाय.

आता खुणा. ड्रॅगन दिसण्याआधी पार्टीला त्याच्या निदान तीन खुणा भेटल्या पाहिजेत, आणि प्रत्येक खुणेतून लढाईत कामाला येईल असं काही हाती लागलं पाहिजे.

ओढ्यात मासे उलटे होऊन तरंगताहेत, अंगावर जखम नाही. वरच्या बाजूला काहीतरी विषारी आहे.

थोडं पुढे गवताचा एक त्रिकोणी पट्टा पिवळा पडलेला, आजूबाजूला सगळं हिरवंगार. त्रिकोणाच्या टोकाला काहीच नाही, ना राख, ना खड्डा. कोणी मोजायचं म्हणालं तर पावलांनी मोजू द्या: लांबी १५ फूट, रुंदी शेवटाला १५ फूट. ज्याने मोजलं त्याला ब्रेथचं माप फुकट मिळालं. कोणी मोजलं नाही तर सांगू नका.

तिसरी खूण म्हणजे एक गुराखी. सतत खोकतो, आवाज बसलेला, विचारलं तर 'थंडी बाधली' म्हणतो. त्याचा कुत्रा मात्र ओढ्याकडे जायला तयार नाही. त्याने ड्रॅगन पाहिलाय, ड्रॅगन त्याच्याशी बोललाय आणि त्याने गप्प राहायचं कबूल केलंय. त्याचं मन ओळखायच्या इनसाइट रोलला डीसी (गाठायचा आकडा) १२ ठेवा. रोल चुकला तरी खोटं बोलतोय हे दिसू द्या, का बोलतोय एवढंच लपवा. रोल चुकला म्हणून क्वेस्ट अडकून पडते, ही नव्या डीएमची नेहमीची अडचण. ज्यावाचून गाडी पुढे सरकत नाही ती माहिती कधीच एका रोलवर टांगू नका. तीन वाटांनी ती मिळेल अशी ठेवा, एक तरी सापडतेच.

शेवटी घड्याळ लावा. हप्ता चुकल्यावर पहिल्या रात्री काही होत नाही. दुसऱ्या रात्री एक गोठा. तिसऱ्या रात्री मुखियाचं घर. पार्टी कुठेही असो, रात्री ठरल्या वेळी येतात. हे वहीत लिहून ठेवा, ऐन वेळी माया येते.

आणि खेळाडू भलतीकडेच गेले तर?

जाऊ द्या, घड्याळ चालू ठेवा. शेजारच्या बाजारात दोन दिवस काढून परतले तर जळका वास नाही, फक्त एका गोठ्यात सगळी गुरं जागच्या जागी बसल्यासारखी मेलेली. यानंतर कोणाला गुहेकडे ढकलावं लागत नाही.

ड्रॅगनने बोलावं का? मराठीत बोलावं?

बोलावं, पहिल्या हल्ल्याआधी तर नक्कीच. वर्मलिंगांना फक्त ड्रॅकॉनिक (ड्रॅगनांची भाषा) येते, तरुण ड्रॅगनापासून पुढे कॉमनही (सगळ्यांची सामाईक भाषा) येते. म्हणून आपल्या पिल्लाच्या बाबतीत एक तर गुराख्याला तोडकीमोडकी ड्रॅकॉनिक शिकवलेली दाखवा, नाहीतर पिल्लाला कॉमन देऊन टाका. नियमाला एवढा धक्का चालतो.

खेळ मराठीत चालत असेल तर तुमच्या हातात एक असं हत्यार आहे जे इंग्रजीत खेळणाऱ्यांकडे नाही: तू, तुम्ही, आपण. लाल ड्रॅगन सगळ्यांना 'तू' म्हणतो, राजालाही. पांढरा तुटक बोलतो, सर्वनामं गाळतो: 'भूक. बकरी. आण.' हिरव्याने मात्र 'आपण' म्हणावं. 'आपण दमला असाल. बसा ना. आपल्यातला तो बुटका आधी बाहेर थांबला तर बरं, त्याचा वास मला सहन होत नाही.' अदबीने बोलणारा हिरवा फार भीतीदायक वाटतो, आणि या वाक्यातून चाणाक्ष खेळाडूला हेही कळतं की याला ड्वॉर्फ नको आहे. का नको, ते वर आलंच आहे. पुढे लढाई हरू लागल्यावर तोच ड्रॅगन 'आपण'वरून 'तू'वर उतरला की टेबल लगेच ओळखतं.

नियमांचे शब्द (सेव्ह, ॲडव्हांटेज, इनिशिएटिव्ह) इंग्रजीच राहू द्या. 'रक्षणक्षेप' वगैरे करून पाहणाऱ्यांनी दुसऱ्या सेशनला नाद सोडलेला असतो.

खेळाडू फार सावध खेळतात. कोणी शौर्य दाखवतच नाही. काय करावं?

बहुतेक वेळा शौर्य दाखवण्याची किंमत त्यांना माहीत नसते, म्हणून ते मागे राहतात. जिथे काहीही होऊ शकतं तिथे शहाणा माणूस पुढे जात नाही. रोलच्या आधी पैज उघड करा. 'पूल तोडायला दोन राउंड लागतील. तोवर कोणीतरी मध्ये उभं राहिलं पाहिजे. दर राउंडाला ब्रेथ परत यायची शक्यता तीनात एक, आणि आला तर सरासरी २१.' एवढं सांगितलं की कोणीतरी उठतंच. आणि त्या खेळाडूला कळून-सवरून उठल्याचं समाधान मिळतं. न कळत मेलेला नायक नुसता दुर्दैवी दिसतो.

नियमांतही मदत आहे. इन्स्पिरेशन (एका रोलला ॲडव्हांटेज देणारं बक्षीस) देण्यात कंजुसी करू नका. ॲडव्हांटेजमुळे डी-२० ची सरासरी १०.५ वरून जवळजवळ १३.८ वर जाते. हिरोइझम नावाचा पहिल्या लेव्हलचा स्पेल बार्ड आणि पॅलॅडिन या प्रकारच्या कॅरेक्टरांना मिळतो. ज्याला स्पर्श केला त्याला भीती लागत नाही आणि दर टर्नला थोडे टेंपररी एचपी मिळतात, एक मिनिटभर, कॉन्सन्ट्रेशनवर (स्पेल टाकणाऱ्याचं लक्ष टिकेपर्यंत). प्रौढ ड्रॅगनसमोर तो सोन्यासारखा आहे.

अजून एक. खेळाडूंनी समोरासमोर न लढता खड्डा खणायचं ठरवलं, तर त्याला भित्रेपणा समजू नका. नॉर्स गाथांतल्या सिगुर्डने फाफनिरला असंच मारलं: ड्रॅगनच्या पाण्याला जायच्या वाटेवर खड्डा खणून, आत दबा धरून, खालून तलवार खुपसून. एका म्हाताऱ्याने त्याला आधी बजावलं होतं की खड्डे एकापेक्षा जास्त खण, रक्त वाहून जायला जागा हवी, नाहीतर त्यातच बुडशील. म्हातारा खुद्द ओडिन देव होता. तुमच्या खेळाडूंची योजना अर्धवट असेल तर असाच एक म्हातारा वाटेत भेटवा.

प्रौढ ड्रॅगन पहिल्यांदा चालवतोय. काय विसरलं जातं?

लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे स्वतःच्या टर्नबाहेरच्या जादा कृती. राउंडाला तीन, दुसऱ्या कोणाच्या टर्नच्या शेवटी, एका वेळी एकच. शेपटीचा फटका एकात, पंखांचा दोनात. प्रौढ लालच्या पंखांच्या फटक्यात १० फुटांच्या आतल्यांना डीसी २२ चा डेक्स्टेरिटी सेव्ह लागतो. चुकला तर २डी६+८ आणि खाली पाडलं जातं. त्यानंतर ड्रॅगन निम्म्या वेगाने उडून जाऊ शकतो, आणि नेमकं हेच वाक्य डीएम वाचत नाहीत. चौघांनी घेरलेला ड्रॅगन जमिनीवर बसून मार खात राहतो. तीन मणी घ्या, वापरला की एक बाजूला सरकवा, ड्रॅगनचा टर्न सुरू झाला की परत आणा.

लेजेंडरी रेझिस्टन्स दिवसाला तीन. सेव्ह चुकला तरी 'यशस्वी' म्हणायचा हक्क. हा चोरून वापरला तर खेळाडूला आपला सगळ्यात मोठा स्पेल उगाच वाया गेल्यासारखं वाटतं. मोठ्याने सांगा आणि दिसेल असं दाखवा: पाठीवरचा एक खवला तडकून पडला, दोन उरले. मग तेही मोजायला लागतात, आणि ती त्यांची लढाईतली लढाई होते.

फ्राइटफुल प्रेझेन्स १२० फुटांपर्यंत. विस्डम सेव्ह चुकला की एक मिनिट भीती: ड्रॅगन दिसत असेतो हल्ल्यांवर डिसॲडव्हांटेज (डी-२० दोनदा टाकून लहान आकडा घेणं) आणि जवळ जाता येत नाही. प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह, एकदा सुटला की चोवीस तास परत लागत नाही. नुसत्या तलवारबाज खेळाडूला यात तीन-तीन टर्न काहीच करता येत नाही. त्याच्या हाताशी धनुष्य किंवा फेकायचे भाले असतील याची आदल्या सेशनलाच आठवण करून द्या.

पार्टी हरतेय. पळता येतं का? आणि फासा खोटा सांगावा का?

मोकळ्या मैदानात पळता येत नाही. माणूस ३० फूट चालतो, प्रौढ लाल ८० फूट उडतो. म्हणून पळायची वाट नकाशा काढतानाच आखा. प्रौढ ड्रॅगन अंग चोरून १० फूट रुंद वाटेत घुसू शकतो, ५ फूट रुंद भुयारात नाही. ब्रेथ मात्र घुसतो, तेव्हा भुयाराला एक वळण द्या.

फासा खोटा सांगायची गरज पडली, तर बहुतेक वेळा चूक आधीच्या तासात झालेली असते: खूण दिली नाही, वाट ठेवली नाही. त्यापेक्षा ड्रॅगनचा स्वभाव वापरा. हिरव्याला मेलेल्या शूरांपेक्षा कर्जदार शूर जास्त आवडतात. तो थांबेल, अटी घालेल, एक ओलीस ठेवून घेईल. पार्टी जिवंत राहते आणि पुढची क्वेस्ट फुकट मिळते.

डेथ सेव्ह मात्र उघड्यावरच टाका. १० किंवा जास्त म्हणजे यश, तीन यशांना स्थिर, तीन अपयशांना मृत्यू. २० आला तर १ एचपी घेऊन उभा, १ आला तर दोन अपयशं.

खजिना किती द्यायचा?

वर्मलिंगसाठी सीआर ०–४ चा तक्ता: सरासरी २,१०० तांब्याची, १,०५० चांदीची आणि ७० सोन्याची नाणी. तरुण हिरव्यासाठी ५–१० चा: ७०० तांब्याची, ७,००० चांदीची, २,१०० सोन्याची आणि १०५ प्लॅटिनमची. नियमाप्रमाणे ५० नाण्यांचा एक पाउंड. दुसऱ्या ढिगाचं वजन जवळजवळ १९८ पाउंड, म्हणजे ९० किलो. स्ट्रेंग्थ (ताकद) १० चा माणूस १५० पाउंड वाहून नेतो. जखमी पार्टी, एक बेशुद्ध सोबती, ९० किलो नाणी आणि रात्र व्हायला आलेली. काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावर अर्धा तास उत्तम खेळ होतो, त्यामुळे 'सगळं घेतलं' म्हणू देऊ नका. ढिगात गावातल्या ओळखीच्या दोन वस्तूही टाका. मुखियाच्या बायकोची पाटली तिथे कशी आली, हे कोणीतरी विचारेलच.

हे सगळं सह्याद्रीत घडवलं तर?

छान बसतं, फक्त नुसतं नाव बदलून भागत नाही. पंखांचा, आग ओकणारा ड्रॅगन आपल्याकडचा नाही. पण गुप्तधनावर बसलेला नाग गावोगावच्या गोष्टींत आहे, आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ३२ व्या सूक्तात इंद्र ज्याला मारतो तो वृत्र पाणी अडवून पडलेला अही, म्हणजे सर्प आहे. सोन्यापेक्षा पाणी अडवणारा ड्रॅगन आपल्या खेळाडूंना चटकन पटतो. एप्रिल महिना, झरा आटलेला, वर डोंगरात काहीतरी वेटोळं घालून बसलंय.

असा नाग करायचा असेल तर हिरव्या ड्रॅगनचा स्टॅट ब्लॉक घ्या, उडणं काढा. पण उडणं काढलं की तो फार सोपा होतो. बदल्यात भिंतीवर चढायचा आणि जमिनीतून जायचा वेग द्या, आणि त्याला बिळांनी पोखरलेल्या टेकडीत ठेवा.

खुणेसाठी वीरगळ वापरा. तो खालून वर वाचायचा असतो: खालच्या पट्टीत लढाई आणि पडलेला वीर, बऱ्याचदा सोबत गुरं, मधल्या पट्टीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. तुमच्या गावातल्या वीरगळावर खालच्या पट्टीत शत्रूच्या जागी वेटोळं कोरलेलं असू द्या, आणि वीराचा भाला त्याच्या घशाखाली एका ठरावीक जागी रुतलेला. ज्या खेळाडूने पट्टी नीट पाहिली त्याला त्या जागेवरच्या पहिल्या हल्ल्याला ॲडव्हांटेज द्या.

दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर खेळताना?

सेशन दोन तासांच्या वर नेऊ नका, लेव्हल ३ चे तयार कॅरेक्टर द्या, कोबोल्ड सहाऐवजी चार. मुलं ड्रॅगनला मारण्याऐवजी पाळायचं म्हणतात. त्याची तयारी ठेवा: वर्मलिंगला रोज किती बकऱ्या लागतात, त्या कोण देणार, आणि त्याची आई कुठे आहे.